क्रियापद कोठे तोडावे?



व्याख्यानमालेचे चिटणीस जेव्हा आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या मनात कामगार चळवळीवर एक व्याख्यान ठेवावे असे होते. आम्ही म्हणालो, व्याख्यान देतो, पण विषय क्रियापदाचा घेऊ. ते हसले. मग आम्ही थट्टा करीत नाही हे पाहून म्हणाले, “व्याकरणाला कोण येईल?” आज समोर इतकी मंडळी बसलेली पाहून आम्हांला संकोच वाटतो, कारण आमचे शिक्षण आठवीपर्यंतचे. त्यापुढचे व्याकरण आम्ही वाचनालयात बसून आणि रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांवर शिकलो. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. त्याची पुठ्ठा निघालेली एक प्रत आम्हांला वजनावर मिळाली होती. तेव्हा आमच्या बोलण्यात कच्चेपणा आढळला तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते फ्रेंच भाषेमुळे, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. आमच्या एका सभासदाची मुलगी फ्रेंच शिकते. वडिलांना डबा द्यायला ती संध्याकाळी युनियनच्या कचेरीत येते आणि ते मोकळे होईपर्यंत कोपऱ्यात बसून अभ्यास करते. एकदा तिच्या वहीत आम्ही पाहिले तर प्रत्येक शब्दाच्या पोटात पेन्सिलीच्या उभ्या रेघा आणि एखाद्या तुकड्याखाली आडवी रेघ. आम्ही विचारले, हे काय चालले आहे? ती म्हणाली, “काका, क्रियापदांचे तुकडे पाडायचे आणि जोर कुठे येतो ते दाखवायचं.” मग तिने आम्हांला एक गंमत सांगितली. फ्रेंचमध्ये ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’, ‘तो बोलतो’, ‘ते बोलतात’ यांची क्रियापदे लिहिताना शेपटे वेगवेगळी. बोलताना मात्र चारही ठिकाणी एकच उच्चार, ‘पार्ल’. शेपूट कागदावर आहे, तोंडात नाही. ‘आम्ही बोलतो’ म्हणताना ‘पार्लों’ होते, तेव्हा कोठे दुसरा तुकडा ऐकू येतो. आणि जोर? तो बोलण्याच्या गटातल्या शेवटच्या तुकड्यावर, ठरलेला. क्रियापदावरून बोलणारा कोण ते कळत नाही, म्हणून फ्रेंच माणसाला मी, तू, तो हे दर वेळी उच्चारावेच लागते. आपल्याला ‘बोलतोस’ एवढे पुरते. ‘तू’ आत बसलेला असतो.

एवढे सांगून तिने विचारले, “मराठीत तुकडे कसे पाडतात, काका? आणि जोर कुठे असतो?”

आम्हांला उत्तर आले नाही. तीस वर्षे आम्ही फाटकाबाहेर उभे राहून मराठीत ओरडत आलो, पत्रके लिहीत आलो, पण ‘करतो’ या शब्दाचे तुकडे किती हे आम्हांस सांगता येईना. आम्ही म्हणालो, तीन. क, र, तो. ती म्हणाली, “म्हणून पाहा.” म्हणून पाहिले. दोनच निघाले: कर–तो.

आता आपणही मनात म्हणून पाहावे. लिहिताना आपण ‘र’ पुरा लिहितो, त्याचा पाय मोडीत नाही. बोलताना मात्र त्यातला ‘अ’ गिळून टाकतो. ‘करतात’ लिहिताना चार अक्षरे, बोलताना दोन तुकडे: कर–तात. आणि हे गिळणे मनमानीही नाही. शब्दाच्या शेवटाकडून मागे चालत यावे. शेवटच्या अक्षराला नुसता ‘अ’ असेल तर तो जातो. मग मागे येताना दोन स्वरांच्या मध्ये एकटा ‘अ’ सापडला की तोही जातो. मात्र एक गेला की त्याच्या मागचा टिकतो. म्हणून ‘समजतो’ हे स–मज–तो असे तुटते, पण ‘समजावतो’ हे सम–जाव–तो असे तुटते. धातू तोच, पण पहिल्यात ‘म’ भरलेला आहे आणि दुसऱ्यात मोडलेला आहे. ‘सरकतो’ म्हणजे स–रक–तो. ‘सरकवतो’ म्हणजे सर–कव–तो. हे कोणी आपल्याला शिकविलेले नसते. आईच्या मांडीवर आपण ते उचलतो, आणि उचलले आहे हेही पुढे विसरतो.

आमचे वडील निजामी अमलात शाळेत गेले. मराठी लिपीच्या आधी त्यांनी उर्दू लिपी गिरविली. ते म्हणत, उर्दूत लहान स्वर लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने ते आपल्या पदरचे घालायचे. लहानपणी ते आम्हांला मोठे अवघड वाटे, आणि आपली नागरी किती सरळ, जसे लिहावे तसे वाचावे, असा अभिमान वाटे. आज पाहतो तर आपल्याकडे उलट मेहनत आहे. तेथे वाचणाऱ्याने स्वर घालावयाचा, येथे वाचणाऱ्याने तो काढावयाचा. दोन्हीकडे आधी बोली यावी लागते, तेव्हाच लिपी कामाला येते. गाताना मात्र हा गिळलेला ‘अ’ परत उगवतो. श्लोक वृत्तात म्हणावयाचा तर ‘करतो’ची तीन अक्षरे मोजावीच लागतात, दोन लघू आणि एक गुरू. ती मुलगी सांगत होती की फ्रेंचांच्या जुन्या कवितेतही असेच आहे. बोलताना न ऐकू येणारा शेवटचा स्वर पद्यात पुढे व्यंजन आले की मोजतात. पद्याला जुन्या सवयी लवकर सुटत नाहीत असे दिसते.

आमच्या रात्रीच्या वर्गाला मोंढ्यातले एक हमाल येत असत. वय पंचेचाळिशीचे, पाठ दगडासारखी. त्यांना सगळी मुळाक्षरे आणि बाराखडी येत होती. ‘कामगार काम करतात’ एवढे वाक्य पुढे ठेवले. त्यांनी बोट ठेवून वाचले: क, र, ता, त. प्रत्येक अक्षर बरोबर. मग मान वर करून विचारले, “हे काय असतं?” आम्ही म्हणालो, करतात. ते म्हणाले, “आँ! मग तसं लिहायचं ना.” वर्गातले सगळे हसले. हसणे चुकीचे होते, कारण त्यांचा प्रश्न आमच्या सगळ्या उत्तरांपेक्षा नेमका होता. ज्याला अक्षर येते पण वाचन येत नाही, अशा प्रौढ माणसाला आम्ही पुष्कळदा मंदबुद्धी ठरवितो. त्याची अडचण एवढीच असते की त्याच्या जिभेवर दोन तुकडे आहेत आणि कागदावर त्याला चार दिसतात. त्या दोहोंची गाठ कोणी घालून दिलेली नसते.

आता ज्या प्रसंगासाठी हा विषय निवडला तो सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. एक प्रेस चालविणारा कामगार, रात्रपाळी. दोनच्या सुमारास मशीन बंद पडली. दोन तास उत्पादन थांबले. दुसऱ्या दिवशी त्याचा जबाब घेतला, कारकुनाने लिहून घेतला, वाचून दाखविला, आणि त्याने सही केली. सही मराठीत, वळणदार. आठ दिवसांनी आरोपपत्र आले की जाणूनबुजून उत्पादन रोखले. आणि पुरावा म्हणून त्याचाच जबाब. जबाबात लिहिले होते, “मी कामावर असताना मशीन बंद पाडली.”

एक काना. ‘पडली’ची ‘पाडली’ झाली.

आम्ही तो कागद कितीतरी वेळ पाहत बसलो. आधी वाटले, व्याकरणच आपल्याला सोडवील. ‘त्याने मशीन बंद पाडली’ असे असते तर ‘ने’ लागला असता. येथे ‘ने’ नाही, म्हणजे पाडणारा कोणी नाही. पण छे. मराठीत ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागतच नाही. ‘मी पाहिली’, ‘मी पाडली’, नुसता ‘मी’ पुरतो. त्यामुळे ‘मी कामावर असताना मशीन बंद पडली’ हे वाक्य जितके शुद्ध, तितकेच कान्याचे वाक्यही शुद्ध. पहिल्यात ‘मी’ साक्षीदार आहे आणि दुसऱ्यात आरोपी. पडणे–पाडणे, मरणे–मारणे, गळणे–गाळणे, तरणे–तारणे अशा जोड्या आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. पहिला स्वर लांबविला की घडणारी गोष्ट कोणीतरी केलेली गोष्ट होते. भाषेची ही सोय मोठी सुंदर आहे. त्या दिवशी मात्र तिचा आम्हांला राग आला.

आपण म्हणाल, त्याला वाचून दाखविले तेव्हा त्याने ऐकले नाही काय? ऐकले. पण तुकडे मोजा. पड–ली दोन, पाड–ली दोन. शेवट तोच. फरक पहिल्या तुकड्याच्या लांबीचा, पापणी लवावी एवढा. आणि कारकून भराभरा वाचीत होता. ऐकणाऱ्याने जे स्वतः सांगितले होते तेच ऐकले. पुढे युनियनच्या कचेरीत आम्ही त्यालाच कागद मोठ्याने वाचावयास सांगितला. त्याने वाचले, “मशीन बंद पडली.” पुन्हा वाच म्हटले, पुन्हा ‘पडली’. मग आम्ही त्या शब्दाखाली पेन्सिलीचे टोक ठेवले, आणि तुकड्यांमध्ये रेघ मारली. “प ला काना पा...” एवढे म्हणून तो थांबला. त्याचा चेहरा आम्हांला आजही आठवतो. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. ती आत येऊन विचारू लागली, काय झाले. त्याला ते सांगता येईना.

कान्याचा तो दोष मुद्दाम होता की हात घसरला, हे आम्ही सांगणार नाही. आम्ही ते पाहिलेले नाही. त्या रात्रीच्या पाळीच्या नोंदवहीत त्याच कारकुनाच्या हातची ओळ मिळाली, तेथे ‘पडली’ होते, आणि त्यावर चौकशी मिटली. माणूस कामावर परत आला. निलंबनाच्या चार महिन्यांतला निम्मा पगार बुडाला तो बुडालाच. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने असे घालून दिले होते की कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत दाराजवळ लावावेत. कायदा करणाऱ्यांनी भाषेचा विचार केला, हे चांगले झाले. पण ‘समजणारी भाषा’ आणि ‘वाचता येणारी भाषा’ यांत जे अंतर आहे ते फळ्यावर कागद चिकटवून भरत नाही.

जोराची गोष्ट राहिली. त्या मुलीच्या प्रश्नाचा तो दुसरा अर्धा भाग. जगातल्या काही भाषांत जोर कोठे दिला यावर अर्थ फिरतो. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’ या क्रियापदात पहिल्या तुकड्यावर जोर दिला तर ‘मी बोलतो’, शेवटच्यावर दिला तर ‘तो बोलला’. मराठीत असे होत नाही. आपल्याकडे लांबी बोलते, जोर तिच्या मागून जातो. जो तुकडा दीर्घ किंवा व्यंजनाने बंद झालेला, त्यावर आवाज जरा रेलतो, इतकेच. वेदांच्या भाषेत स्वरांची चढउतार होती, आणि तिच्या व्याकरणाचा एक नियम वाचून आम्ही थक्क झालो. तेथे मुख्य वाक्यातले क्रियापद, ते वाक्याच्या आरंभी नसेल तर, आपला उंच स्वर सोडून देत असे. सारे वाक्य त्याच्यावर टेकलेले, आणि ते मात्र खालच्या आवाजात. आजही ‘मी उद्या मुंबईला जातो’ असे सहज म्हणून पाहा. ‘उद्या’ उठून दिसेल, ‘मुंबई’ दिसेल, ‘जातो’ जवळजवळ पुटपुटले जाईल. आणि आपले क्रियापद तर वाक्याच्या शेवटी. दम संपतो तेथे.

याचा चटका आम्हांला चिकलठाण्याच्या एका फाटकसभेत बसला. बोनसची बोलणी फिसकटली होती. १९६५ च्या कायद्यातले किमान ८.३३ टक्के, त्याच्यावर पैसा सुटेना. आम्ही कर्ण्यातून म्हणालो, “कंपनी बोनस वाढवून देईना!” वारा सुटला होता. मागच्या रांगांनी टाळ्या वाजविल्या. त्यांनी ऐकले ‘देईन’. शहरी माणूस म्हणेल, कंपनी ‘देईल’ म्हणावे लागेल, ‘देईन’ कसे? पण आमच्या खेड्यापाड्यांत ‘तो येईन’, ‘तो देईन’ असेच बोलतात. ऐकणाऱ्यांनी काही चूक केली नाही. दे–ईन दोन तुकडे, दे–ई–ना तीन, आणि नकार सगळा त्या तिसऱ्यात. तो वाऱ्याने नेला. तेव्हापासून कर्ण्यासमोर आम्ही ‘देईना’ म्हणत नाही; ‘देत नाही’ म्हणतो. ‘नाही’ला दोन दीर्घ स्वर आहेत, ते भिंतीपर्यंत पोहोचतात.

घोषणा करणाऱ्यांना हे ज्ञान पुस्तकाशिवाय असते. ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा आमच्या वडिलांच्या पिढीची. मराठवाडा १९४८ साली निजामी राजवटीतून सुटला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. तो कामगार दिनही होय. या घोषणेतल्या ‘च’कडे पाहावे. ‘झाला’चे तुकडे दोन, ‘झालाच’चेही दोनच. ‘च’ने तुकडा वाढविला नाही, ‘ला’ उघडा होता, त्याचे दार लावून वर कडी घातली: झा–लाच. आपोआप आवाज तेथे आपटतो, आणि शेवटी पुटपुटले जाणारे क्रियापद एकदम मान वर काढते. आमच्या लहानपणी, विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला त्यानंतरच्या वर्षांत, या शहराच्या रस्त्यांवर ‘झालेच पाहिजे’ असे ऐकू येई. त्या घोषणेपायी माणसांची घरे जळाली, माणसे मेली. १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नाव झाले. शासनाच्या भाषेत ते ‘नामांतर’ नव्हते, ‘नामविस्तार’ होता. पण आम्ही त्या दिवशी ज्यांच्यासोबत होतो त्यांच्या तोंडी जुनाच शब्द होता.

आणि ‘पाहिजे’ हे स्वतः काय आहे? फार जुने रूप आहे ते. जुन्या मराठीत कर्मणि प्रयोगात ‘इजे’ लागे; त्या घराण्यातली दोनतीन माणसे आज उरली आहेत. ‘म्हणिजे’चे ‘म्हणजे’ झाले, आणि ‘पाहिजे’, म्हणजे मुळात ‘पाहिले जावे’, ते ‘हवे’ या अर्थाने राहिले. बोलताना पुष्कळांच्या तोंडी त्याचे ‘पायजे’ होते. पण मिरवणुकीत ‘पा–हि–जे’ अशी तीनही अक्षरे पुरी म्हटली जातात. तेथे कोणी काही गिळत नाही.

लांबीचा एक नियम मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे आणि तो मुलांना उगाच छळ वाटतो. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखनाच्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटी ‘अ’ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ लिहितात. म्हणून ‘ऊठ’, ‘शीक’, ‘पूस’ दीर्घ. पण ‘उठतो’, ‘शिकतो’, ‘पुसतो’ ऱ्हस्व. मुले विचारतात, एकाच धातूला दोन वेलांट्या कशाला? तुकडे पाडून दाखवावे. ‘ऊठ’ हा एकच तुकडा, सगळा भार त्याच्यावर, म्हणून तो ताणतो. ‘उठ–तो’ मध्ये भार ‘तो’ने उचलला. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेदच नव्हता, एकच वेलांटी. तरी मोडी वाचणारे ‘शीक’ लांबच म्हणत. आणि ‘उठा’ म्हटले की भार दुसऱ्यावर जातो. आमच्या धंद्यात ‘ऊठ’चा उपयोग कमी, तो पर्यवेक्षकांचा शब्द. आम्हांला ‘उठा’ लागतो.

एक तक्रार करून मोकळे होतो. आमच्या मराठवाड्यात ‘काय करायलास?’ म्हणतात, ‘जेवायलो’ म्हणतात. पुण्याकडचा ‘जेवतोय’ म्हणेल. जेव–तोय दोन तुकडे, जे–वाय–लो तीन. नियम दोन्हीकडे तितकेच पक्के. शाळेत असताना आम्ही ‘जेवायलो’ म्हटल्यावर वर्ग हसला होता, आणि गुरुजीही हसले होते. आम्ही आठवीनंतर शाळा सोडली त्याला कारणे दुसरी होती, घरची होती. पण ते हसू विसरलो नाही. म्हणून रात्रीच्या वर्गात आमचा नियम असा आहे की आधी माणसाने आपल्या घरचे क्रियापद बोलावे, तेच फळ्यावर लिहावे, त्याचेच तुकडे करावे; पुस्तकातले क्रियापद दुसऱ्या आठवड्यात. मोंढ्यातल्या त्या हमालांनी फळ्यावर लिहिलेला पहिला शब्द ‘उचलायलो’ हा होता. त्यांनी स्वतः त्याचे तुकडे पाडले: उ–च–लाय–लो. पुन्हा एकदा हळू म्हणून पाहिले, ‘च’चा अ बोटाने पुसला, रेघ हलविली, आणि केले: उच–लाय–लो. मग खडू खाली ठेवून म्हणाले, बरोबर आहे.

त्या मुलीला आम्ही उत्तर दिले. तिने ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले, फ्रेंचच्या परीक्षेत त्याचा उपयोग नाही असे सांगून. अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलेले आम्हांला दिसले आहे. वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री साडेआठ वाजता युनियनच्या कचेरीत भरतो. शिकविणाऱ्यांची आम्हांला वाण आहे. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी यावे. पाटी-पुस्तके आहेत, पेन्सिल मात्र आपली आणावी, ती टिकत नाही.